तुमच्या महाराष्ट्रात

पोळ्याच्या दिवशी सकाळपासून झड लागली होती. सैपाकघरात ओल्या सरपणाचा धूर, शिजलेल्या डाळीचा वास आणि बायकांची गर्दी. घरात गॅस आहे, पण पुरण चुलीवरच शिजलं पाहिजे हा मोठीआईचा हुकूम आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षीही तो चालतो. ती भिंतीला टेकून पाटावर बसलेली, पुढ्यात जायफळ आणि किसणी. समोर नवी नातसून पुरणयंत्राचा दांडा फिरवत होती. लग्नाला चार महिने झालेले, पहिलाच पोळा. पोरगी सातारा जिल्ह्यातली, माण तालुक्यातली. आमचा पुतण्या आणि ती पुण्यात एकाच कंपनीत, तिथंच जमलं. मी चहाचा कप ठेवायला आत गेलो तेव्हा मोठीआई जायफळ किसता किसता तिला अगदी मायेनं विचारत होती, "काय वं माय, तुमच्या महाराष्ट्रात पोया असते का नाई?"

दांडा थांबला. पोरीनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग सासूकडं. "असतो की आजी. आमच्याकडं बेंदूर म्हणतात, आषाढातच होऊन जातो." मग जरा थांबून हसत म्हणाली, "पण हा पण महाराष्ट्रच आहे की!"

"हाव, हेही हायच म्हना," मोठीआई म्हणाली आणि जायफळ उलटं करून दुसऱ्या बाजूनं किसायला लागली.

बायका हसल्या, मीही हसलो. ओसरीवर येऊन बसलो तरी ते वाक्य काही डोक्यातून जाईना. त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती, टोमणासुद्धा नव्हता. पाहुण्याच्या पोराकडं बघून 'हेही आपलंच लेकरू म्हना' असं म्हणावं, तितक्या सहज ती बोलून गेली होती. आणि खरं सांगायचं तर 'तुमच्या महाराष्ट्रात' हे शब्द ऐकून मला काहीच खटकलं नव्हतं. खटकलं ते त्या पोरीला. म्हणजे हे शब्द मी आयुष्यभर ऐकत आलो होतो आणि ते चमत्कारिक आहेत हे कळायला चार महिन्यांपूर्वी घरात आलेली माणदेशी पोरगी लागली. माझ्या लहानपणी आमच्या शाळेत बदलून आलेले एक गुरुजी 'महाराष्ट्रातले' होते. गावातल्या एकाची नोकरी कोल्हापूरकडं लागली तर पारावरची माणसं म्हणायची, थो तं महाराष्ट्रात गेला. दारव्हा तालुक्यात बसून!

मोठीआईचं माहेर कारंज्याकडचं. जन्म १९४० सालचा, म्हणजे मध्यप्रांत आणि वऱ्हाडातला. ती दहा वर्षांची झाली तोवर त्या प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं होतं आणि राजधानी नागपूरच होती. १९५६ च्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. बोहल्यावर चढली ती मध्य प्रदेशातली मुलगी आणि दिवाळसणाला माहेरी निघाली ती मुंबई राज्यातली सून, कारण त्या वर्षी १ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्याला जोडले गेले. चार वर्षांनी, १९६० च्या मे महिन्यात, महाराष्ट्र आला. तोवर तिला दोन लेकरं होती. माहेर ते सासर, शकुंतला या छोट्या रेल्वेच्या रुळांवरची काही स्टेशनं, एवढाच तिचा प्रवास, आणि तेवढ्यात तीन राज्यं झाली. तिला यातलं काय कळलं असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "काय कयाचं? तहसील दारव्ह्यालेच होती." मग थोडं आठवून, "पोस्टाचा शिक्का बदलला होता, असं तुवे मोठेबाबा म्हनत."

मोठेबाबांना मात्र सगळं कळत होतं, किंवा कळतं असं त्यांना वाटत होतं. गोठ्याच्या भिंतीवर गेरूनं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं 'वेगळा विदर्भ झालाच पाहिजे' मी वाचायला शिकलो तेव्हापासून पाहत आलो. जोडाक्षरं मी तिथंच शिकलो असेन. दरवर्षी दिवाळीला भिंत सारवली जायची आणि ती अक्षरं तेवढी सोडून बाकीची भिंत पांढरी व्हायची. यवतमाळचे जांबुवंतराव धोटे हे त्यांचं दैवत. दाढी, मोकळे केस, आवाज. सभेहून मध्यरात्री बैलगाडीनं परत आले की दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना त्या भाषणाची नक्कल चालायची. १९७१ साली धोटे नागपुरातून लोकसभेवर गेले. त्याआधी १९६२ ला बापूजी अणे, आमच्या वणीचा माणूस, त्याच नागपुरातून याच मागणीच्या जोरावर निवडून गेला होता. पण धोटे पुढं काँग्रेसमध्ये गेले, आणि त्या दिवाळीला मोठेबाबांनी भिंत सारवताना ती अक्षरंही सारवून टाकली. कुणी काही विचारलं नाही. पावसाळ्यात चुना ओला झाला की गेरू आतून लालसर दिसायचा.

शाळेत आम्ही संयुक्त महाराष्ट्राचा धडा वाचत होतो. हुतात्मा चौक, गोळीबार, मुंबई मिळाली तो क्षण. अंगावर काटा यायचा. घरी आलो की गोठ्यावर ते वाक्य. दोन्ही गोष्टी एकाच पोराच्या पोटात कशा राहत होत्या, याचं आता नवल वाटतं. लहान मुलाला विरोध दिसत नाही, की विरोध मुळात नव्हताच?

थोडं मागं गेलं तर गंमतच आहे. देशातले प्रांत भाषेप्रमाणे असावेत हे काँग्रेसनं आपल्या समित्यांपुरतं का होईना, अंगी लावून घेतलं ते १९२० च्या अधिवेशनात. ते अधिवेशन कुठं झालं? नागपुरात. आणि त्याच वेळी मराठी मुलखाच्या वाट्याला मात्र एक समिती आली नाही. महाराष्ट्राची वेगळी, नागपूरची वेगळी, वऱ्हाडची वेगळी. म्हणजे भाषेचं तत्त्व आणि त्याचा अपवाद, दोन्ही एकाच मांडवात. १९३८ ला मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळानं महाविदर्भाचा ठराव केला. १९५३ च्या सप्टेंबरात नागपूर करार झाला: निधी, नोकऱ्या, कॉलेजातल्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात, सरकार वर्षातून काही दिवस नागपुरात येऊन बसेल, वगैरे. दोन वर्षांनी राज्य पुनर्रचनेचा फाजल अली आयोग म्हणाला, विदर्भाचं स्वतंत्र राज्य करा, ते आपल्या पायावर उभं राहील. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच वर्षी मांडलं की एका राज्याची भाषा एक असावी, पण एका भाषेचं राज्य एकच असलं पाहिजे असं कुठं आहे, आणि मराठी मुलखाची चार राज्यं सुचवली. मोठेबाबांना हे सगळं तोंडपाठ होतं. सातवी शिकलेला माणूस, पण 'फाजल अली' हे नाव ते गावातल्या एखाद्या भल्या तलाठ्याचं घ्यावं तसं घेत.

पण विदर्भ तरी एक कुठं होता? आमचं वऱ्हाड निजामाचं, १८५३ मध्ये इंग्रजांच्या हाती आलं, तेही कर्जापोटी. वर्धा नदीपल्याडचा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा, तो वारस नाही म्हणून खालसा झाला. दोन वेगळ्या घरच्या मुली एका घरात सुना म्हणून याव्यात तसे हे दोन मुलूख १९०३ मध्ये एका कारभाराखाली आले. म्हातारी माणसं आमच्याकडं 'विदर्भ' म्हणतच नसत, 'वऱ्हाड' म्हणत, आणि पुढं सोन्याची कुऱ्हाड जोडत. अमेरिकेत १८६१ ला यादवी पेटली आणि तिकडचा कापूस थांबला तेव्हा या काळ्या मातीत जो पैसा आला, त्याची ती आठवण. त्या कापसासाठीच पुढं शकुंतला आली, मूर्तिजापूर ते यवतमाळ, विलायती कंपनीची नॅरो गेज. मी तिच्यात बसलो आहे. उतारावर पोरं उतरून पुन्हा चढायची, गार्ड स्वतः खाली येऊन फाटक लावायचा. आता रूळ गवतात गेलेत. लहानपणी त्या गाडीचं कौतुकच वाटायचं. पुढं कधीतरी लक्षात आलं की ती गाडी आम्हाला कुठं नेण्यासाठी नव्हतीच, ती कापूस नेण्यासाठी होती, आम्ही आपले जागा होती म्हणून बसत होतो.

कापसाचं पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. १९७२ पासून एकाधिकार खरेदी सुरू झाली, कापूस सरकारलाच विकायचा. खरेदी केंद्राबाहेर गाड्यांची रांग लागायची ती दोन-दोन, तीन-तीन दिवस. डिसेंबरातली थंडी, बैलांच्या तोंडाजवळ कडबा, गाडीखाली चादर अंथरून मोठेबाबा आणि मी. गाडीतल्या कापसात हात घातला की आत ऊब असते. मी हात कोपरापर्यंत आत खुपसून झोपायचो आणि सकाळी बाह्यांना सरकीची कुसळं. मग ग्रेडर यायचा. एक मूठ उपसायची, बोटांनी ओढायची, डोळ्यांपुढं धरायची आणि एक शब्द बोलायचा. त्या शब्दावर वर्षाचं गणित. माल ओला आहे म्हणून आमची एक गाडी परत पाठवली होती एकदा. मोठेबाबा काही बोलले नाहीत, बैल जुंपताना त्यांच्या हातून जूचं शिवळ दोनदा खाली पडलं. चुकारा हप्त्याहप्त्यानं, तोही उशिरानं. आणि पैनगंगेपलीकडं आदिलाबादला व्यापारी रोख पैसे देतात हे सगळ्यांना माहीत. रात्रीच्या गाड्या जायच्या. आमची गेली नाही, मोठेबाबांना ते चोरीचं वाटे. पण आपल्या वावरातला कापूस नदीपलीकडं नेला की चोरी, ही गोष्ट एका पोराला राज्याच्या सीमेबद्दल जे शिकवते ते भूगोलाच्या पुस्तकात नव्हतं.

त्या आदिलाबादचं पुढं काय झालं पाहा. पोट्टी श्रीरामुलू १९५२ मध्ये उपोषण करून मेले, त्यातून तेलुगू भाषेचं आंध्र राज्य झालं, मग तेलंगण त्याला जोडलं गेलं, आणि २०१४ ला तेच तेलंगण पाणी, नोकऱ्या आणि मान यांवरून फुटून वेगळं झालं. भाषा तीच, दोन्हीकडं तीच. पांढरकवड्याच्या ढाब्यावर त्या जूनमध्ये एक ट्रकवाला म्हणत होता, "आपला नंबर होता ना भाऊ, यायनं मंदातच लाइन तोडली." त्याआधी २००० मध्ये छत्तीसगड झालं, जे एके काळी आमच्याच नागपूर राजधानीखाली होतं. धाकट्यांची लग्नं उरकत गेली आणि थोरली घरातच राहिली, असं काहीसं. पण त्या ट्रकवाल्याच्या आवाजात मोठेबाबांची आंच नव्हती. तो हसत होता आणि चहात खारी बुडवत होता.

वर्तमानपत्रातले अग्रलेख 'प्रादेशिक अस्मिता' हा शब्द वापरतात तेव्हा मला नेहमी वाटतं की हे लिहिणारा कधी कापसाच्या रांगेत झोपलेला नाही. त्यांच्या लेखी हा एक तापाचा प्रकार असतो, कधी चढतो, कधी उतरतो, निवडणुकीच्या हवेत जास्त. मला तरी यात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. एक हिशेबाची. ती मोजता येते, आणि मोजलीही: दांडेकर समितीनं १९८४ मध्ये सिंचन, रस्ते, शाळा धरून अनुशेष काढला, मग घटनेच्या ३७१ व्या कलमाखाली १९९४ ला विकास मंडळं आली, पुढं केळकर समिती. 'अनुशेष' हा शब्द तर आमच्या गावात इतका मुरला की पंगतीत वाढपी एका कोपऱ्याला विसरला की माणसं ओरडतात, "अरे, इकडचा अनुशेष भरून काढा!" चंद्रपूरची वीज, २९२० मेगावॉट, गोसीखुर्दचं धरण, ज्याची कोनशिला १९८८ मध्ये बसली आणि जे आमच्या पिढीचे केस पिकले तरी 'प्रगतिपथावर' असतं. हे सगळं हिशेबाच्या वहीतलं. दुसरी गोष्ट वहीत बसत नाही. ती कुणी आपली मूठ डोळ्यांपुढं धरून एक शब्द बोलून जातो ना, तिथली आहे.

ती मला पुण्यात कळली. नोकरीच्या सुरुवातीला बँकेच्या ट्रेनिंगला गेलो होतो. खोलीतल्या एकानं विचारलं, काय करतोयस, मी म्हणालो, "पत्र लिहून राहिलो." तो म्हणाला, "लिहून झाल्यावर कुठं राहणार?" खोली हसली. साधा विनोद, वाईट माणूस नव्हता, पुढं मित्र झाला. पण त्या दिवसापासून मी 'लिहितोय' म्हणायला लागलो, 'मले'चं 'मला' केलं, आणि आता हा लेखही त्याच भाषेत लिहून राहिलोय. आणखी एक लबाडी केली. कुठला रे तू, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, नागपूरचा. दारव्हा कुणाला माहीत असणार! नागपूर आमच्या गावाहून दीडशे किलोमीटरच्या वर, तोवर मी तिथं तीनदा गेलो असेन, त्यातल्या एकदा दवाखान्यासाठी.

नागपूरचा असल्याची शिक्षा पुढं मिळाली. बदली झाली आरमोरीकडं, गडचिरोली जिल्ह्यात. वैनगंगा ओलांडली आणि ज्वारी संपली. कापूस नाही, काळी माती नाही. धानाच्या बांध्या, बोड्या, मालगुजारांनी बांधलेले तलाव, आणि झाडी. मी मनात म्हणत होतो, विदर्भातच तर चाललोय. पहिल्याच आठवड्यात एक म्हातारा पासबुक घेऊन आला, काउंटरवर दोन्ही हात ठेवून मला नीट न्याहाळून म्हणाला, "तुमी वराडातले ना जी?" मी हो म्हणालो. "बोलन्यावरून वळखलो. तुमच्या तिकडं बरं हाय. सारं तुमच्याकडं न् नागपूरलेच जाते, आमच्याकडं कोनी येत नाही." मी पासबुक भरत होतो, पेन थांबलं. आमच्याकडं! आमच्याकडं काय जातं? तीन वर्षं तिथं राहिलो. हिवाळ्यात वडशाच्या मंडळींची झाडीपट्टीची नाटकं पहाटेपर्यंत पाहिली, थंडीत कांबळ गुंडाळून. त्या नाटकांत खलनायक बऱ्याचदा शहरातून यायचा आणि शहर म्हणजे नागपूर असायचं. प्रेक्षकांत बसून मी हसायचो, मग लक्षात यायचं की पुण्यात मी स्वतःला तिथलाच सांगत होतो.

असो. पोळा दुपारनंतर भरला. झड थोडी थांबली होती. आमच्या लहानपणी तोरणाखाली बैलांची रांग मारुतीच्या पारापासून थेट नाल्यापर्यंत जायची; यंदा जोड्या अठरा, आणि शेवटी तीन ट्रॅक्टर, त्यांनाही झुली आणि बाशिंगं. आमची एकच जोडी उरलीय. आदल्या रात्री पुतण्यानं पुण्याचे मऊ हात लोण्यात बुडवून त्यांचे खांदे शेकले होते आणि मोठीआईनं ओसरीवरून म्हणायला लावलं होतं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पोरगी हे सगळं मोबाइलवर घेत होती. मग तिनं मोबाइल ठेवला आणि बैलाच्या कपाळावर हात फिरवला, ज्या सफाईनं फिरवला त्यावरून मला कळलं की हिच्या घरी बैल होते.

झडत्या, म्हणजे पोळ्यात ओरडून म्हणायची यमकातली कवनं, सुरू झाल्या. आमच्या गावात एक नव्यानं झडत्या करणारा पोट्टा आहे, दिवसभर डीपीचे फ्यूज बसवत फिरतो. तो तोरणाखाली उभा राहून कानावर हात ठेवून ओरडला:

तार रे तार, लोखंडाची तार,
कोयसा निंगे चांद्यातून अन् उजीड गेला पार,
रातच्याले मोटार लावा, इचू-काट्याचा मार,
सायेब म्हने अर्ज करा, थांबा वरसं चार,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

गाव गर्जलं. मोठेबाबा असते तर त्यांनी खिशातून पाच रुपये काढून दिले असते. पण त्याचा आवाज विरतो न विरतो तोच खालच्या पुऱ्यातून उत्तर आलं. वरच्या पुऱ्यात नळ आला, टाकी तिथंच बसली, रस्ता तिथंच झाला, खालच्या पुऱ्याला चिखल आणि बोअरचं खारं पाणी, आणि सरपंच वरचा. हे सगळं यमकात आणि बरंच अस्सल शब्दांत, जे इथं लिहिता येत नाहीत. वरचा पुरा म्हणजे आम्ही. आमच्याकडची माणसं एकदम गप्प झाली, कुणी तरी म्हणालं, "राजकारन आनू नोका रे पोयात." आत्ता विजेच्या झडतीला हीच माणसं टाळ्या वाजवत होती. मीसुद्धा.

रात्री ओसरीवर पोरीला विचारलं, तुमच्याकडं बेंदराला काय काय करतात. तिनं सांगितलं ते बरंचसं आमच्यासारखंच होतं. एक गंमत तिनं सांगितली. तिच्या आजोळी, सांगलीकडं, दोन बेंदूर असतात: ज्येष्ठातला तो कर्नाटकी आणि आषाढातला तो महाराष्ट्रीय. ज्याचा त्याचा. "बैलाला विचारत नाहीत, तू कुठला," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "काका, आजी 'तुमच्या महाराष्ट्रात' म्हणाल्या ना..." आतून तिच्या सासूनं हळूच सुधारलं, "काकाजी म्हन वं." ती हसली. "काकाजी, मी पुण्यात गेले तेव्हा मलाही म्हणायचे, तू माणची, म्हणजे दुष्काळातली. आमचे आजोबा कृष्णेकाठच्या लोकांना 'तिकडचे' म्हणायचे. त्यांच्या उसाला पाणी आणि आमच्याकडं छावणी. मी सहावीत होते, आमच्या दोन गाई सबंध उन्हाळा छावणीत होत्या. आणि इथं सगळ्यांना वाटतं मी उसातली आहे."

मला काही बोलता आलं नाही. मी इतकी वर्षं 'पश्चिम महाराष्ट्र' म्हणत आलो त्यात तिचं गाव होतं, साखर कारखाना, बागायत, सत्ता, सगळ्यासकट. त्यात छावणीतल्या दोन गाई कधीच नव्हत्या. पण लगेच मनात असंही आलं, आणि ते इथं लपवत नाही, की म्हणून काय आमचा हिशेब खोटा ठरतो? गाड्यांची रांग खरी होती. माण कोरडं आहे म्हणून गोसीखुर्दचं पाणी आमच्या वावरात येत नाही. दोन्ही खरं असेल तर भांडायचं कुणाशी, या विचारात झोप लागली नाही. पुन्हा झड सुरू झाली होती आणि कौलातून एक थेंब ठरावीक वेळानं पितळेच्या गंगाळात पडत होता.

दुसऱ्या दिवशी कर. पहाटे पोरं दारादारांतले पळसाचे मेढे, म्हणजे फांद्या, गोळा करत हिंडायला लागली. आमच्याही दाराशी आदल्या दिवशी ठेवलेला होता, पावसानं पानं काळी पडलेली. पोरगी उठून बाहेर आली, चप्पल सापडेना म्हणून तशीच अनवाणी पोरांबरोबर निघाली. मी मागं. गल्लीतून मेढे ओढत, चिखल उडवत पोरं ओरडत होती, "इडा, पिडा, घेऊन जाय गे मारबत!" एकानं खोकला-पडसं जोडलं, एकानं कपाशीवरची बोंडअळी, एकानं गणिताच्या बाईंचं नाव घेतलं आणि मार खाल्ला. पोरगीनं दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा तीही ओरडली. काय घालवायला सांगितलं ते मला नीट ऐकू आलं नाही.

गावाची शिव म्हणजे नाला. त्याच्यापल्याड दुसरं गाव. त्या गावाशी आमचं जुनं भांडण, गायरानावरून. नाल्यावर पोचलो तर अलीकडच्या काठाला, आमच्या बाजूला, पळसाच्या फांद्यांचा एक ढीग आधीच पडलेला.

"हे कुणाचं?" पोरीनं विचारलं.

"पल्याडच्यायचं," सगळ्यात लहान पोरगं म्हणालं. "थे लय लवकर येतात."

"पण मग इकडं का टाकलं?"

पोरानं तिच्याकडं असं पाहिलं की हिला काहीच कसं कळत नाही. "शिवेच्या भायेर टाका लागते न!" त्यानं काठीनं तो ढीग पाण्यात लोटला, वर आमचाही टाकला. नाल्याला भरपूर पाणी होतं. दोन्ही गावच्या फांद्या एकमेकींत अडकून थोडा वेळ एका दगडापाशी फिरत राहिल्या, मग सुटल्या आणि अडाण नदीकडं निघून गेल्या. अडाण पैनगंगेला मिळते.

परत आलो तेव्हा मोठीआई ओसरीवर दात घासत बसली होती. पोरीचे पाय पाहून म्हणाली, "काव, अनवानी गेलती का? इचू असते नाल्यात." आणि मग, "गेली का मारबत?"

"गेली आजी," पोरगी म्हणाली, आणि पाय धुवायला रांजणाकडं वळली.